किती किलोवॅट? सिद्धेश्वरचे छत, फसली वर्ष आणि ३१ मार्च

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरसारख्या गावात घरावर सौर पॅनेल बसवायचे ठरले, की पहिला प्रश्न एकच असतो : किती किलोवॅटचे? उत्तरही तयार असते. वीजबिलांवरील बारा महिन्यांचे युनिट मिळवावेत, बेरजेला चौदाशेने भागावे, आणि जो आकडा येईल तेवढे किलोवॅट बसवावेत. मराठवाड्याच्या उन्हात एक किलोवॅटची पॅनेल वर्षाला साधारण चौदाशे युनिट देतात, म्हणून चौदाशे.

हा भागाकार चुकीचा नाही. मात्र त्यात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरलेली असते. वर्षभराची वीज आणि वर्षभराचा वापर एकमेकांसमोर ठेवायचा, तर ते वर्ष कोणते? कोठे सुरू होणारे, कोठे संपणारे? या प्रश्नाचे उत्तर सूर्याकडे नाही, छताकडे नाही. ते १८६७ सालच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या जमाखर्चात आहे. आजचा धागा त्या उत्तराचा.

सिद्धेश्वर हे गाव औंढा नागनाथ तालुक्यातले, पूर्णा नदीवरचे. येथील धरण आणि नदीच्या वरच्या अंगाला, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरीचे धरण ही एकाच पूर्णा प्रकल्पाची दोन अंगे. दोन्ही १९६८ सालची. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, तर सिद्धेश्वरचा सुमारे ८१. येलदरीच्या पायथ्याशी ७.५ मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. येलदरीतून सुटलेले पाणी आधी वीज निर्माण करते, मग सिद्धेश्वरात येऊन थांबते आणि तेथून कालव्याने शिवारात जाते.

थोरल्या धरणाने साठवायचे आणि धाकट्याने वाटायचे, ही रचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पाऊस चार महिने पडतो आणि पिकाला पाणी बारा महिने लागते. धरणाचा आकार ठरवणाऱ्या अभियंत्यापुढे ‘पाणी किती येईल’ हा अर्धाच प्रश्न असतो. उरलेला अर्धा ‘कधी येईल आणि कधी लागेल’ हा असतो. म्हणूनच महाराष्ट्रात सिंचनाचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे हे पाहून रब्बी आणि उन्हाळी पाळ्यांचा विचार होतो. पाण्याचा हिशेब पावसाच्या तालावर चालतो.

त्याच गावातील विजेचा हिशेब मात्र दुसऱ्याच तालावर चालतो.

आधी ‘युनिट’ या शब्दाकडे पाहू. शेतकरी, दुकानदार, पेन्शनर, सगळे हा शब्द इतक्या सहजतेने वापरतात, की तो शब्द कोणाचा हे कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये वीज विकली जाऊ लागली तेव्हा व्यापारावर देखरेख करणाऱ्या ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ या सरकारी खात्याने विक्रीचे एक माप निश्चित केले : एक हजार वॅट, एक तास. त्याला ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ म्हणत. खात्याचे नाव गळाले, ‘युनिट’ उरले. जगात इतरत्र ज्याला किलोवॅट-तास म्हणतात, त्याला आपण आजही त्या जुन्या खात्याच्या नावाचे शेपूट जोडून बोलतो.

बिलावरचा ‘स्थिर आकार’ही त्याच काळातला. इंग्रज अभियंता जॉन हॉपकिन्सन याने १८९२ मध्ये असा मुद्दा मांडला, की वीज कंपनीचा मोठा खर्च वीज तयार करण्यात होत नाही. ती कधीही मागितली जाईल म्हणून सज्ज राहण्यात होतो. म्हणून ग्राहकाकडून दोन प्रकारे पैसे घ्यावेत : सज्जतेचे वेगळे, वापराचे वेगळे. सौर पॅनेल बसवल्यावर ‘बिल शून्य’ होईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्या घरांना पहिल्याच महिन्यात भेटतो तो हा हॉपकिन्सन. वापर शून्यावर आला तरी सज्जतेचे पैसे उरतातच. रात्री दिवा लागतो तो गावाबाहेरून आलेल्या तारेवर, हे लक्षात घेतले तर त्यात अन्यायही फारसा नाही.

आता सूर्य.

एक किलोवॅटच्या पॅनेलपासून हिंगोलीत किती वीज मिळेल, हे आज मोबाइलवर क्षणात कळते. त्या आकड्यामागे एका बाईंचे आयुष्य उभे आहे. त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे २३ ऑगस्ट १९१८ रोजी जन्मलेल्या अॅना मणी यांनी सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केले, लंडनला हवामान-उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, ते हेच खाते. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले, म्हणून ते नाव.

त्या वेळी देशाला साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत. मणी यांनी शंभराच्या आसपास हवामान-उपकरणांचे प्रमाण आराखडे तयार करून घेतले आणि ती देशात बनू लागली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी भारतभर सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सूर्याची किती ऊर्जा पडते, याची रोजची नोंद सुरू झाली. निवृत्तीनंतर, १९८० च्या सुमारास, या नोंदींवर आधारलेले त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. तेव्हा घराच्या छतावर पॅनेल ही भारतात जवळजवळ कल्पनाच होती. गिऱ्हाईक येण्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधी माल मोजून ठेवणारी ही बाई महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत ठळकपणे असायला हवी होती.

नोंदी काय सांगतात? मराठवाड्यात ऊन भरपूर आहे, पण सारखे नाही. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत एक किलोवॅटची पॅनेल दिवसाला अडीच-तीन युनिटांवर येतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात तीच पॅनेल सव्वाचार, साडेचार युनिट देतात. आणि मे महिना? सिद्धेश्वर साधारण १९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. निर्मितीचा उच्चांक तेव्हा व्हावा असे वाटते. तसे होत नाही. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सियस तापमानाला मोजलेली असते. मेच्या उन्हात काळे पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ टक्के या हिशेबाने १४ टक्के क्षमता उष्णतेतच जाते. जास्त ऊन म्हणजे जास्त वीज, हे पूर्ण खरे नाही. थंड हवेतले स्वच्छ ऊन पॅनेलला अधिक मानवते.

म्हणजे हिवाळा हा सौर विजेचा सुगीचा काळ. नेमका तेव्हाच घरात पंखा बंद असतो, कूलर माळ्यावर असतो आणि फ्रिज कमी चालतो. पीक भरघोस आणि घरात खाणारे तोंड थोडे, अशी ही स्थिती. मग ही वीज ठेवायची कोठे?

उत्तर सापडले ते एका फिरत्या चकतीत. गाँझ या कंपनीतील हंगेरियन अभियंता ओट्टो ब्लाथी याने १८८९ मध्ये अॅल्युमिनियमसारख्या धातूची चकती फिरवून वीज मोजणारे मीटर बनवले. शंभर वर्षे जगभरच्या घरांत, आपल्याकडच्या ओसरीतील लाकडी फळीवरही, त्याच घराण्याची मीटर गरगरत होती. या चकतीचा एक गुण कोणी मागितलेला नव्हता : वीज उलट दिशेने वाहिली, की चकतीही उलटी फिरे.

सिलिकॉनचा व्यवहार्य सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत २५ एप्रिल १९५४ रोजी जगाला दाखवला गेला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९७९ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील स्टीव्हन स्ट्राँग या वास्तुरचनाकाराने क्विन्सी येथील एका निवासी इमारतीवर पॅनेल बसवली. दुपारी वापर कमी आणि निर्मिती जास्त झाली, की मीटर उलटे फिरू लागे. दिवसा दिलेली वीज रात्री त्याच भावात परत मिळे. ‘नेट मीटरिंग’चा जन्म असा झाला : आधी यंत्र, मग नियम. मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये ४० किलोवॅटपेक्षा लहान संचांसाठी त्याचा कायदाच केला.

युरोपात याच दशकात दुसरा प्रयोग झाला आणि तो आकाराच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. मोठे सौर प्रकल्प माळरानावर उभारावेत असे बहुतेकांचे मत असताना, झुरिकमधील मार्कुस रेआल या अभियंत्याने १९८७ मध्ये ३३३ घरमालकांना प्रत्येकी ३ किलोवॅटचे संच घेण्याचे आवाहन केले. ३३३ गुणिले ३, म्हणजे जवळजवळ एक मेगावॅट. जागा विकत घ्यायची नाही, नवे खांब नाहीत, नव्या तारा नाहीत. छते होतीच, तारा होत्याच. लोकांनी संच घेतले. घरासाठी ‘३ किलोवॅट’ हे माप तेव्हापासून सौरविश्वात पुन्हा पुन्हा भेटते.

ते भारतातही भेटते. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, एकूण कमाल ७८,०००. चौथ्या किलोवॅटला काही नाही. याच योजनेचा सल्ला असा, की महिना १५० युनिटांपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० असेल तर २ ते ३, आणि त्यापुढे ३ हून अधिक. सल्ला सावध आहे. पण गावात प्रत्यक्षात जे चालते ते ‘अनुदान तीनला आहे ना, मग तीनच बसवा’. अनुदानाची कमाल मर्यादा ही गरजेचे माप मानली जाते, आणि घराचे पैसे येथेच पहिल्यांदा चुकतात.

महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये आणले आणि २०१९ मध्ये नव्याने केले. त्यांतील काही अटी संचाच्या आकारालाच हात घालतात. ग्राहकाच्या मंजूर भारापेक्षा मोठा संच नको, ही एक. ग्रामीण भागातील जुन्या जोडण्यांचा मंजूर भार फार थोडा असे, कारण त्या दिल्या गेल्या तेव्हा घरात दोन दिवे आणि एक पंखा एवढाच संसार होता. २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अडचण सोपी केली : दहा किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी लागणारी भारवाढ वितरण कंपनीनेच करून द्यायची. दुसरी अट रोहित्राची, म्हणजे गावच्या भाषेत डीपीची. एका डीपीवर तिच्या क्षमतेच्या किती प्रमाणात छतावरची वीज जोडता येईल, याची मर्यादा २०१५ मध्ये ४० टक्के होती, २०१९ मध्ये ७० टक्के झाली.

पण खरी अट हिशेबाची. आता चकती नाही. नवे मीटर आलेली आणि गेलेली वीज वेगवेगळी नोंदवते. एखाद्या महिन्यात घराने तारेला जास्त वीज दिली, तर ते युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात, त्याच्या पुढच्याही. तारेचे हे कागदी धरण उत्तम चालते. फक्त ते आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला, रिकामे केले जाते. त्या दिवशी उरलेल्या युनिटांचे पैसे वितरण कंपनी देते. मात्र घर स्वतः ज्या भावाने वीज घेते त्या भावाने नाही, त्याहून कमी दराने.

एक कल्पित घर घेऊन हे तपासता येते. सिद्धेश्वरमधील हे घर एप्रिल ते जून महिना ३०० युनिट वापरते, जुलै ते ऑक्टोबर महिना २००, आणि नोव्हेंबर ते मार्च महिना १४०. वर्षाचे झाले २,४००. भागाकाराचे उत्तर : १.७ किलोवॅट. दुकानात नेमका एवढा संच मिळत नाही; पण तो मिळाला असे धरू, म्हणजे वर्षाची निर्मिती आणि वर्षाचा वापर कागदावर तंतोतंत जुळतील.

एप्रिल ते जूनमध्ये हा संच साधारण ६५० युनिट देतो, वापर ९००. तूट २५०. जुलै ते ऑक्टोबरमध्ये देतो ६७०, वापर ८००. तूट १३०. या दोन्ही तुटींचे पैसे घराने चालू दराने भरायचे, कारण १ एप्रिलला खाते कोरे झालेले असते आणि जमा काहीच नसते. मग हिवाळा येतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये १,१०० युनिट मिळतात, वापर ७००. शिल्लक ४००. ती साठत जाते, साठत जाते, आणि कूलर माळ्यावरून खाली काढण्याच्या आठवड्यातच ३१ मार्च उजाडतो.

म्हणजे वर्षभरात एकही युनिट कमी न पडलेले घर ३८० युनिट पूर्ण दराने विकत घेते आणि ४०० युनिट पडत्या दराने विकते. सूर्याने काही कमी केले नाही, पॅनेलने केले नाही. केले ते दिनदर्शिकेने.

भारताचे आर्थिक वर्ष पूर्वी १ मे ते ३० एप्रिल होते. १८६७ मध्ये ते १ एप्रिल ते ३१ मार्च करण्यात आले. कारण एवढेच, की ब्रिटनच्या सरकारी हिशेबाशी ते जुळावे. ब्रिटनचे वर्ष वसंताच्या आसपास का सुरू होते, याची मुळे तिकडच्या खंड-भाड्याच्या जुन्या रिवाजात आहेत. पूर्णेच्या पावसाशी किंवा औंढ्याच्या उन्हाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

हे तेव्हाही खटकत होते. १९१३-१४ च्या चेंबरलेन आयोगाने आर्थिक वर्षाची तारीख बदलावी असे सुचवले, कारण मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडणे म्हणजे न पडलेल्या पावसावर पैज लावणे होते. स्वातंत्र्यानंतर एल. के. झा समितीने १९८५ मध्ये वर्ष जानेवारीपासून धरावे अशी शिफारस केली. तिचाही आधार मोसमी पाऊसच. सरकारने ती स्वीकारली नाही. २०१६ मध्ये शंकर आचार्य यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली गेली. तारीख जागची हलली नाही.

आणि आता या धाग्यातील सर्वांत गमतीचा भाग. सिद्धेश्वरचा परिसर १९४८ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे सरकारी कामकाज फसली वर्षाने चाले. ‘फसल’ म्हणजे पीक. चांद्र हिजरी वर्ष दरवर्षी अकरा दिवसांनी मागे सरकते. त्यामुळे शेतसारा वसूल करायला ते कुचकामी. म्हणून अकबराच्या काळात पिकांशी जोडलेले सौर वर्ष रूढ झाले आणि शाहजहानच्या काळात ते दख्खनमध्ये आले. हैदराबादच्या फसली वर्षाचा पहिला महिना आझूर. तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, तेव्हा १३५७ फसली संपायला तीन आठवडेही उरले नव्हते.

मघाचे तेच घर, तोच १.७ किलोवॅटचा संच, फसली वर्षात घालून पाहावा. वर्ष सुरू झाले ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर. ऑक्टोबर ते मार्च शिल्लक साधारण ४०० युनिट. एप्रिल ते जून तूट २५०. ती शिलकेतून भागली. उरले १५०. जुलै ते सप्टेंबर तूट सुमारे १४०, तीही भागली. वर्षअखेरीस हातात दहा-वीस युनिट. घराला विकत घ्यावे लागले जवळजवळ काही नाही, पडत्या दराने विकावे लागले जवळजवळ काही नाही.

सिंचनाचे जुलै ते जून हे वर्ष घेतले तरी तूट १३० युनिटांवर येते, ३८० वर नाही. पावसाचे भान ठेवून आखलेले कोणतेही वर्ष सौर विजेला मार्चअखेरच्या वर्षापेक्षा अधिक मानवते. सारावसुलीसाठी मोगल आणि निजामी दफ्तराने जे गणित केले, ते पॅनेलला लागू पडावे यात चमत्कार नाही. पीक आणि पॅनेल, दोघेही त्याच आभाळाखाली.

अर्थात फसली वर्ष काही परत येणार नाही, आणि त्याचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही. ज्या कुळांकडून त्या वर्षाने सारा वसूल झाला, त्यांना विचारले असते तर त्यांनी वेगळेच काही सांगितले असते. प्रश्न आजच्या घराचा आहे. ३१ मार्च जागचा हलत नसेल, तर आकार त्याला धरून ठरवावा लागतो.

यात एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात : पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याच्या जवळपास दुप्पट, पुढे आणखी वर. वरील घराची उन्हाळ्यातील २५० युनिटांची तूट तीन महिन्यांत वाटली, तर महिन्याला ८३ युनिट होतात, म्हणजे सगळी पहिल्याच टप्प्यात. महागडे युनिट पॅनेलने आधीच कापलेले असतात. म्हणून ३८० युनिट विकत घेणे दिसते तितके महाग पडत नाही. हीच तूट भरून काढायला संच मोठा केला, तर काय होईल? दोन किलोवॅटवर उन्हाळ्याची तूट २५० वरून १३५ च्या आसपास येते, पावसाळ्याची जवळजवळ मिटते. पण मार्चमध्ये पडत्या दराने जाणारे युनिट ४०० चे ६०० होतात. तीन किलोवॅटवर तूट उरत नाही, आणि वर्षाला जवळपास अठराशे युनिट वितरण कंपनीला स्वस्तात जातात. त्या घराने स्वतःच्या खर्चाने छोटे वीजकेंद्र उभारून दुसऱ्याला चालवायला दिल्यासारखे ते होते.

तेव्हा बेरीज-भागाकाराने येणारा आकडा ही वरची मर्यादा मानावी, खालची नव्हे. या घरासाठी साधारण ५४० वॅटची तीन पॅनेल, म्हणजे १.६२ किलोवॅट, पुरेशी आहेत. चौथे पॅनेल घ्यायचे तर पुढच्या दोन-चार वर्षांत घरात काय येणार आहे ते पाहून घ्यावे. एसी येणार असेल, विजेवरची दुचाकी येणार असेल, लेकाचे लग्न होऊन घर वाढणार असेल, तर चौथे पॅनेल शहाणपणाचे. नुसते अनुदान शिल्लक आहे म्हणून नव्हे.

छताचेही पाहावे लागते. मराठवाड्यातील जुन्या माळवदांच्या मातीला आणि लाकडाला पॅनेलच्या सांगाड्याचे वजन आणि वाऱ्याची ओढ सोसत नाही. स्लॅब लागतो, किलोवॅटमागे साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, आणि दक्षिणेच्या अंगाला कडुलिंब किंवा पाण्याची टाकी असेल तर हिवाळ्यातील लांब सावली नेमकी सुगीच्या काळात पॅनेलवर पडते. जोडणीची वेळही महत्त्वाची. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेल्या संचाची पहिली सगळी शिल्लक चार-पाच महिन्यांत मार्चअखेर मिटवली जाते. एप्रिलच्या तोंडावर सुरू झालेला संच लगेच कूलरच्या कामी येतो.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचित सांगतात. बॅटरी नसलेला, तारेला जोडलेला संच लाईट गेली की भर दुपारीही बंद पडतो. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो : डीपीवरचा पुरवठा बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला कोणाच्या तरी छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून. २००० आणि २००३ च्या अमेरिकी अभियांत्रिकी मानकांनी ही दक्षता पक्की केली आणि ती जगभर गेली. भारनियमनाची वर्षे काढलेल्या पिढीला सौर म्हणजे ‘लाईट गेली तरी दिवा’ असे वाटणे स्वाभाविक आहे. ते काम अजूनही बॅटरीचे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळात खडका बंधारा आटला आणि परळीचे औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. येलदरीचे संचही धरणात पाणी असेल तरच फिरतात. पावसाने पाठ फिरवलेल्या वर्षात मराठवाड्यात वीज तयार करणारी छते ही त्यामुळे नुसती बिल वाचवण्याची सोय नव्हे. त्यांना पाणी लागते ते महिन्यातून दोनदा धूळ पुसण्यापुरते, बादलीभर.

ज्या घरात हा निर्णय व्हायचा आहे, तेथे मागच्या बारा बिलांचे युनिट एप्रिलपासून सुरुवात करून एका कागदावर ओळीने लिहावेत. जानेवारीपासून नव्हे, एप्रिलपासून. शेजारी दर किलोवॅटचे अंदाजे मासिक उत्पादन लिहावे : एप्रिल-मेमध्ये १३५ ते १४०, जूनमध्ये ११०, जुलै-ऑगस्टमध्ये ८५ ते ९०, सप्टेंबरमध्ये १००, ऑक्टोबरमध्ये १२०, आणि नोव्हेंबर ते मार्च १२५ ते १३५. मग दीड, दोन, तीन किलोवॅट धरून जमा-खर्च ओढत मार्चपर्यंत यावे आणि शेवटच्या ओळीत काय उरते ते पाहावे.